तालीम, गुंठा आणि मैदान

गेल्या उन्हाळ्याच्या सुट्टीत एका रविवारी सकाळी मी हातात नकाशा घेऊन आमच्याच वसाहतीत मैदान शोधत फिरलो. निमित्त झालं धाकट्या मुलीचं. आदल्या संध्याकाळी ती घरासमोरच्या रस्त्यावर मैत्रिणींबरोबर लगोरी खेळत होती. चेंडू झेलायला मागे सरकली आणि वळणावरून आलेल्या मोटारसायकलचं हँडल तिच्या कोपराला लागलं. खरचटलं, थोडी सूज आली, एवढ्यावर निभावलं. मोटारसायकलवाला माझाच जुना विद्यार्थी निघाला. घाबरून उभा राहिला आणि म्हणाला, "सर, चूक माझीच. पण पोरांना रस्त्यावर कशाला खेळू देता?"

घरात गेल्यावर मुलीनं तोच प्रश्न उलट बाजूनं विचारला. "अब्बू, रस्त्यावर नाही तर मग कुठं?"

मी पेशानं शिक्षक. उर्दू माध्यमाच्या मुलांना मराठी शिकवतो. उत्तर सुचलं नाही की कागद काढायचा, ही सवय. घराच्या फाइलीत खरेदीखताच्या मागे मंजूर रेखांकनाची झेरॉक्स होती. इतक्या वर्षांत ती मी फक्त बँकेच्या कर्जासाठी बाहेर काढली होती. जालना शहराच्या कडेला साडेचार एकरांत आमची वसाहत. नकाशाच्या एका कोपऱ्यात तिरप्या रेघा मारलेला तुकडा होता आणि त्यावर बारीक अक्षरांत लिहिलं होतं, 'खुली जागा, १८ गुंठे'.

त्या कोपऱ्यात मी पोहोचलो तेव्हा तिथं वेड्या बाभळीचं रान होतं. एका बाजूला कुणाच्या तरी बांधकामाची वाळू आणि राडारोडा, दुसऱ्या बाजूला विजेची डीपी, मधे दुष्काळात टँकरचं पाणी साठवायला ठेवलेली आणि तळ गेलेली प्लास्टिकची टाकी. एक म्हैस निवांत रवंथ करत होती. नकाशातल्या मैदानाचा खरा लाभार्थी एवढाच.

त्या दिवसापासून एक प्रश्न डोक्यात बसला. आमच्या वडिलांच्या पिढीला मैदान शोधावं लागलं नाही. मग आम्हाला ते नकाशात का शोधावं लागतंय? मधल्या काळात नेमकं काय झालं?

वेशीबाहेरचं जालना

जालना कुंडलिका नदीच्या दोन्ही तीरांवर वसलेलं गाव. जुन्या भागाला आजही 'कदीम जालना' म्हणतात. कदीम म्हणजे जुना, हा शब्द इथल्या पोलीस ठाण्याच्या पाटीवरही आहे. या गावाच्या इतिहासात बांधणाऱ्यांची नावं बरीच सापडतात. मलिक अंबरच्या अमलातला इथला अधिकारी जमशेद खान. त्यानं मशीद बांधली, सराई बांधली, मोती तलाव बांधून तिथून जमिनीखालच्या नळांनी गावात पाणी आणलं. पुढे पहिल्या निजामाच्या काळात, १७२५ मध्ये, काबिल खानानं मस्तगडाचा किल्ला उभा केला. २३ सप्टेंबर १८०३ ला आपल्याच जिल्ह्यातल्या असईच्या शिवारात वेलस्लीची फौज आणि शिंदे-भोसल्यांची फौज भिडली. त्याच महिन्यात इंग्रजांनी जालन्याचा किल्लाही घेतला होता. १८२७ मध्ये इथं लष्करी छावणी बांधली गेली. ती १९०३ पर्यंत टिकली. हैदराबाद कंटिंजंटची फेररचना झाली आणि छावणी उठली. त्याच सुमाराला मनमाड-हैदराबाद रेल्वे आली आणि गाव रुळांच्या दिशेनं पसरू लागलं.

मशीद, सराई, तलाव, गड, छावणी, रेल्वे. या यादीत पोरांसाठी मैदान कुठेच नाही. जमशेद खानानं पाण्याची सोय केली, कारण पाणी आपोआप मिळत नव्हतं. मैदानाची केली नाही, कारण ते वेशीबाहेर पाऊल टाकलं की मिळायचं. जी गोष्ट अमाप असते तिची नोंद कुणी ठेवत नाही. आणि नोंद नसलेली गोष्ट नाहीशी झाली तर तिची तक्रारही करता येत नाही.

वडील त्यांच्या लहानपणच्या खेळाच्या जागा बोटांवर मोजून सांगायचे. पहिली कुंडलिकेचं पात्र. ते वर्षातले सात-आठ महिने कोरडंच. दुसरी खळं. ज्वारीची रास उचलली की सारवलेलं, टणक झालेलं खळं पोरांचंच. तिसरी बाजारतळ, आठवड्यातून एक दिवस बाजाराचा आणि सहा दिवस आमचा. चौथी ईदगाह. वर्षातून दोनदा ईदची नमाज, बाकीचे ३६३ दिवस क्रिकेट. यातली एकही जागा खेळासाठी राखलेली नव्हती. मोठ्यांचं काम संपल्यावर उरलेली जागा आणि उरलेला वेळ, यातून त्यांचं मैदान तयार व्हायचं.

त्या जागांवरचा खेळही असाच सगळ्यांमधून उरलेला. विटी-दांडू खेळताना आपण मोजतो ते 'वकट, लेंड, मूंड, नाल' असं. लहानपणी मला ही गुप्त भाषा वाटायची. पुढे एका तेलुगू सहकाऱ्यानं आकडे म्हणून दाखवले तेव्हा उलगडलं. ओकटि, रेंडु, मूडु, नालुगु. एक, दोन, तीन, चार. मराठी पोरं मराठी मातीत खेळताना तेलुगूत मोजत होती आणि त्यात कुणाला काही वावगं वाटत नव्हतं. हे आकडे मराठवाड्यापुरते नाहीत, साऱ्या महाराष्ट्रात चालतात. १९४८ पर्यंत आपण तेलुगू, कन्नड, मराठी आणि उर्दू बोलणाऱ्या एका संस्थानात होतो, म्हणून मला ते जास्त जवळचे वाटतात, इतकंच.

तालीम आणि वस्ताद

दोन भाषा शिकवणाऱ्याला शब्दांचे प्रवास दिसतात. 'मैदान' हा शब्द अरबी-फारसीतून आपल्याकडे आला. 'पहिलवान' फारसी, 'कुस्ती' फारसी. पण मला सगळ्यात जास्त गंमत वाटते ती 'तालीम' या शब्दाची. उर्दूत तालीम म्हणजे शिक्षण. माझ्या बीएडच्या पुस्तकांत, शाळेच्या फलकांवर, अम्मीच्या तोंडी, सगळीकडे तालीम म्हणजे लिहिणं-वाचणं. तोच शब्द मराठीत आला आणि लाल मातीच्या हौद्यात उतरला. मराठीत तालमीत जायचं म्हणजे कुस्ती करायला जायचं. उर्दूतला 'उस्ताद' म्हणजे शिकवणारा. मराठी तालमीत तो 'वस्ताद' झाला. म्हणजे शाळेत मी जो आहे, तोच हौद्याच्या काठावर लंगोट लावून उभा आहे.

मला वाटतं, मराठी माणसानं हा शब्द उचलताना चूक केली नाही. शिकणं शरीरातूनही होतं, हे त्याला ठाऊक होतं. शाहू महाराजांनी कोल्हापुरात खासबागेचं कुस्तीचं मैदान बांधलं, ते १९१२ मध्ये खुलं झालं. हौदा खाली आणि भोवती उतरत्या बैठका, म्हणजे मागच्या रांगेतल्या माणसालाही कुस्ती दिसावी. उद्घाटनाच्या कुस्तीत गामा पहिलवानाचा भाऊ इमामबक्ष उतरला होता. एका मराठी राजानं, आपल्या राजधानीत, सगळ्या रयतेला बसता येईल असं मैदान मुद्दाम बांधलं. उरल्यासुरल्या जागेवर ते सोडलं नाही. मैदानाच्या इतिहासातला हा फरक मला महत्त्वाचा वाटतो.

आजच्या शिक्षणात मात्र तालीम पुन्हा चार भिंतींत गेली. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याच्या अनुसूचीत शाळेला काय काय हवं याची यादी आहे. वर्गखोल्या, स्वच्छतागृह, पिण्याचं पाणी आणि त्यांच्याच बरोबरीनं खेळाचं मैदान. दरवर्षी शाळेची माहिती भरताना 'मैदान आहे काय?' असा रकाना येतो. मी नोकरी केलेल्या एका शाळेत त्या रकान्यात 'होय' लिहिलं जायचं. ते मैदान म्हणजे दोन वर्गखोल्यांमधला फरशीचा चौक होता. परिपाठाला मुलं तिथं खांद्याला खांदा लावून उभी राहायची, हात पसरायची कवायत आम्ही कधीच घेतली नाही. तो रकाना एक वर्ष मीही भरला आहे. म्हणून दुसऱ्याकडे बोट दाखवायचा मला फारसा अधिकार नाही.

घोड्यांच्या टापा आणि ४६० सह्या

मैदानासाठी भांडण करणारे आपण पहिले नाही. असं पहिलं मोठं भांडण मुंबईत झालं आणि त्याची हकिगत आमच्या वसाहतीतल्या प्रत्येक बैठकीत वाचून दाखवावी अशी आहे.

मुंबईच्या कोटाबाहेरच्या मोकळ्या पटांगणावर पारशी पोरं क्रिकेट खेळायची. १८४८ मध्ये त्यांनी ओरिएंटल क्रिकेट क्लब काढला. नंतर हिंदू आणि मुसलमान पोरंही खेळू लागली. १८७५ मध्ये त्याच पटांगणाच्या एका भागावर बॉम्बे जिमखाना उभा राहिला. सभासद फक्त गोरे. ('जिमखाना' हा शब्द 'गेंदखाना'वरून आला असं मानतात. चेंडू आपला, खाना त्यांचा.) आपल्या जिमखान्याची जागा गोऱ्यांनी नीट राखली आणि पोलो खेळायला मात्र ते बाहेरच्या पटांगणावर येऊ लागले. घोड्यांच्या टापांनी जमीन उखडायची. तिथं चेंडू नीट उसळेना, पोरांना खेळता येईना.

१८८१ मध्ये ४६० देशी खेळाडूंनी सह्या करून अर्ज दिला की पोलो दुसरीकडे खेळा. शापूरजी सोराबजी या पारशी गृहस्थानं या लढ्याची हकिगत पुढे १८९७ मध्ये पुस्तकातून छापली, म्हणून आज ती आपल्याला ठाऊक आहे. सरकारनं आधी खेळाडूंच्या बाजूनं निर्णय दिला, नंतर तो फिरवला. अर्जामागून अर्ज गेले. पोलो खेळणारे गोरे मूठभर होते आणि क्रिकेट खेळणारी पोरं शेकड्यांनी. पण मूठभरांची गाऱ्हाणी बंगल्यावर चहा पिताना सांगितली जायची आणि शेकड्यांची अर्जावर.

शेवटी तोडगा निघाला तो असा. समुद्राकाठी भराव घालून तयार झालेल्या जमिनीवर पारशांना जिमखान्यासाठी जागा मिळाली. मग मुसलमानांनी मागितली, त्यांनाही मिळाली. हिंदूंनी मागितली, त्यांनाही. शतक संपायच्या आत मरीन लाइन्सजवळ तीन जिमखाने शेजारी शेजारी उभे होते, प्रत्येकाला आपापलं कुंपण. जे पटांगण सगळ्यांचं होतं त्यासाठी सगळ्यांनी मिळून सह्या केल्या आणि शेवटी प्रत्येक जमात आपला तुकडा घेऊन घरी गेली.

त्या तुकड्यांवर मोठं क्रिकेट झालं, हे मान्यच करायला हवं. पण सामने धर्माच्या नावानं व्हायचे. हिंदू विरुद्ध मुस्लिम, पारशी विरुद्ध युरोपियन. आणि कुंपणाच्या आतही सगळे सारखे नव्हते. पुण्याच्या गोऱ्यांच्या क्लबात मैदानाची कामं करता करता बाळू पालवणकर गोलंदाजी शिकला आणि देशातल्या सर्वोत्तम गोलंदाजांत गणला गेला. त्याच्या हातचा चेंडू हिंदू संघाला हवा होता, पण चहा त्याला बाहेर, वेगळ्या मातीच्या पेल्यात मिळायचा. १९४० मध्ये गांधीजींनी या धर्मवार सामन्यांविरुद्ध स्पष्ट मत दिलं. १९४६ नंतर ते सामने बंद झाले. जिमखाने आजही आहेत.

गुंठा

आता आपल्या गावाकडे येऊ. बियाणं कंपन्या, लोखंडाच्या सळ्यांचे कारखाने आणि १९८१ मध्ये झालेला स्वतंत्र जिल्हा यामुळे जालना वाढलं. २००१ च्या जनगणनेत शहराची लोकसंख्या २,३५,७९५ होती, २०११ मध्ये २,८५,५७७. २०२३ मध्ये नगरपरिषदेची महानगरपालिका झाली. ही सगळी माणसं राहायला गेली ती जुन्या गावाबाहेरच्या शेतांत. म्हणजे ज्या वेशीबाहेर मैदान फुकट मिळायचं, तिथं.

शेताचे प्लॉट दोन तऱ्हांनी पडले. एक तऱ्हा आमची. जमीन अकृषिक करून, रेखांकन मंजूर करून. चार हजार चौरस मीटरपेक्षा मोठ्या जागेचं रेखांकन असेल तर दहा टक्के जागा मोकळी सोडावी लागते. आमच्या साडेचार एकरांचे १८० गुंठे, त्यातले १८ मोकळे ते यामुळेच. दुसरी तऱ्हा गुंठेवारीची. शेतकऱ्यानं बांधापासून फीत लावायची आणि गुंठा-गुंठा, अर्धा गुंठा विकायचा. नकाशा नाही, मंजुरी नाही, म्हणून मोकळी जागाही नाही. हातावर पोट असणाऱ्याला परवडायचं तेच. सरकारनं २००१ मध्ये कायदा करून अशा वस्त्या नियमित करायची वाट काढली, २०२१ मध्ये मुदत वाढवली. घरं नियमित होऊ शकतात. पण पाडलंच नाही ते मैदान नियमित कसं होणार? आमच्या वसाहतीला लागूनच अशी एक वस्ती आहे. तिथं नमाजी आहेत, भीमजयंती करणारे आहेत, गणपती बसवणारे आहेत आणि पोरं मोजता येणार नाहीत इतकी.

एक गुंठा म्हणजे ३३ फूट बाय ३३ फूट. हा आकडा कुठून आला? सतराव्या शतकात एडमंड गंटर या इंग्रज गणितज्ञानं जमीन मोजायला ६६ फुटांची साखळी रूढ केली. आपल्याकडच्या मोजणीत तिच्या निम्मी, ३३ फुटांची साखळी चालली. तिचे सोळा आणे. एक साखळी लांब आणि एक साखळी रुंद तो गुंठा, चाळीस गुंठ्यांचा एकर. आणि क्रिकेटची खेळपट्टी किती लांब असते? २२ यार्ड. म्हणजे ६६ फूट. गंटरची पूर्ण साखळी. दोन गुंठे टोकाला टोक लावून ठेवले की बरोब्बर एक खेळपट्टी. ज्या मापानं विलायतेत खेळाची जागा आखली, त्याच मापानं आपण ती विकली.

आणखी हिशेब करून पाहा. पुरुषांच्या कबड्डीचं मैदान १३ मीटर बाय १० मीटर. सव्वा गुंठ्यापेक्षा थोडं जास्त. खो-खोचं २७ बाय १६, म्हणजे सव्वाचार गुंठे. मुलींच्या कबड्डीचं १२ बाय ८. क्षेत्रफळ एका गुंठ्यापेक्षा कमी, पण लांबी गुंठ्यात मावत नाही. म्हणजे ज्या पोराचं घर एका गुंठ्यावर आहे, त्यानं घर पाडून अंगण केलं तरी त्याच्या बहिणीला कबड्डी खेळता येणार नाही. मैदान एकट्यानं विकत घ्यायची वस्तूच नाही. ते चार घरांनी मिळूनच ठेवावं लागतं.

दुसऱ्या महायुद्धानंतर आम्स्टरडॅम शहरातही जागेची अशीच चणचण होती. तिथं आल्डो व्हान आइक या तरुण वास्तुरचनाकारानं १९४७ मध्ये एका लहानशा चौकात वाळूचा हौद, काही दगड आणि लोखंडी दांड्या बसवून पोरांची जागा केली. आजूबाजूच्या रहिवाशांनी आपल्याही गल्लीत तशी मागितली. पडीक कोपरे, पडलेल्या इमारतींच्या मोकळ्या जागा शोधत शोधत पुढच्या तीसेक वर्षांत सातशेच्या वर मैदानं झाली. महागडी खेळणी फारशी नव्हती. पालिकेकडे यादी होती आणि मागणारी माणसं होती. आपल्याकडच्या खुल्या जागांची यादीही नगररचना विभागात आहे. मागणारी माणसं कमी पडतात, किंवा आमच्यासारखी भलतंच मागतात.

ओट्यावरची बैठक

मी बाभळीचं रान पाहून आलो आणि नकाशाची प्रत चार घरी दाखवली. मला वाटलं, लोक खूश होतील. झाले. पण १८ गुंठे जागा आपली आहे हे कळल्याबरोबर तिचं काय करायचं याची तीन मतं तयार झाली.

एसटीतून निवृत्त झालेल्या एका काकांच्या ओट्यावर बैठक बसली. आमच्या हाजीसाहेबांनी सहा गुंठ्यांवर इबादतखाना बांधावा असं सुचवलं. त्यांची अडचण खरी आहे. जवळची मशीद मोठा रस्ता ओलांडून पलीकडे, आणि म्हाताऱ्या माणसानं अंधारात फजरला जायचं म्हणजे जिवाशी खेळ. लगेच दुसऱ्या बाजूनं सभामंडपाची मागणी आली. गणपती, लग्नकार्य, हळदीकुंकू सगळं रस्त्यावर होतं, तीही अडचण खरीच. तिसऱ्यांचं म्हणणं होतं की मैदानच करा, पण भिंत बांधा, फाटक लावा आणि किल्ली आपल्याकडे ठेवा. नाहीतर शेजारच्या गुंठेवारीतली पोरं येऊन कब्जा करतील.

मी बोलायला उठलो. सभेत बोलायची सवय असून आवाज थरथरत होता, कारण पहिल्यांदा मला आपल्याच माणसांच्या विरोधात बोलायचं होतं. मी मुंबईच्या पटांगणाची गोष्ट सांगितली. म्हटलं, आपण सहा गुंठे घेऊ, ते सहा घेतील, उरलेल्या सहावर तंटा होईल. मग तीन कुंपणं आणि पोरं पुन्हा रस्त्यावर. हीही माहिती दिली की १९९१ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं बंगळुरूच्या एका प्रकरणात उद्यानासाठी राखलेली जागा खासगी रुग्णालयाला द्यायचा निर्णय रद्द ठरवला होता. रुग्णालयासारख्या चांगल्या कामालाही ती जागा मिळाली नाही, कारण मोकळी हवा आणि खेळ ही चैन नसून गरज आहे, ही न्यायालयाची भूमिका होती. मग आपल्या चांगल्या कामांचं काय? नमाजसाठी वसाहतीतच एखादं घर वर्गणीतून घेऊ, त्यात पहिली पावती माझी. मंडपासाठी आठ-दहा दिवस मैदान वापरू, पण पक्का खांब रोवायचा नाही. आणि फाटकाला कुलूप नको. घोडेवाल्यांनी चेंडूवाल्यांना हाकललं होतं, आता प्लॉटवाल्यांनी गुंठेवाल्यांना हाकलायचं का?

एका बुजुर्गांनी मुलींचा मुद्दा काढला. मैदान झालं की मोठ्या मुलीही येतील, ते बरं दिसेल का? मी म्हटलं, चाचा, मदिनेच्या मशिदीत ईदच्या दिवशी हबशी भाल्यांचे खेळ खेळत होते आणि रसूलुल्लाहंनी ते हजरत आयेशांना स्वतः उभं राहून दाखवले, हे तुम्हीच आम्हाला लहानपणी सांगितलं. ते हसले. हो म्हणाले नाहीत, पण नाहीही म्हणाले नाहीत.

हाजीसाहेब मात्र दुखावले. जाताना एवढंच म्हणाले, "मास्तर, तुमच्याकडून ही अपेक्षा नव्हती." त्यानंतर कित्येक महिने आमचा सलाम-दुआ बंद होता. रात्री मलाही झोप लागली नाही. त्यांच्या गुडघ्यांचं दुखणं मला माहीत होतं. इतिहासातली गोष्ट सांगून एखाद्याला गप्प करणं सोपं असतं, त्याचा रस्ता ओलांडण्याचा प्रश्न त्यानं सुटत नाही. म्हणून नमाजच्या जागेसाठीची वर्गणी आम्ही खरोखर सुरू केली. ती अजून पुरी व्हायची आहे.

आज

बत्तीस घरांच्या सह्यांचा अर्ज पालिकेत दिला आहे. खुल्या जागेची मोजणी करावी, हद्दीचे दगड लावावेत, 'खेळाचे मैदान' अशी पाटी लावावी. पोच आमच्याकडे आहे, उत्तराची वाट पाहतो आहोत. तोवर पाच रविवार श्रमदान झालं. वेड्या बाभळीचे काटे सगळ्यांच्या हातांत सारखेच गेले. वाळूवाल्यानं दोन वेळा सांगितल्यावर वाळू हलवली. डीपीभोवती जाळी लावून घ्यायला वीज कार्यालयात चार चकरा झाल्या. कडेनं लिंब आणि करंज लावले. पाण्याचा नळ आणि मुलींसाठी स्वच्छतागृह, ही दोन कामं राहिली आहेत. ती होईपर्यंत मी याला चांगलं मैदान म्हणणार नाही. इतक्या घरांत फिरून मला एवढं कळलं की चांगलं मैदान म्हणजे झोपाळे आणि घसरगुंडी नव्हे. आईनं गच्चीवरून हाक मारली तर ऐकू आलं पाहिजे, वाटेत मोठा रस्ता नको, उन्हात टेकायला सावली हवी आणि तिथं येणाऱ्या पोराला 'तू कुणाचा?' असं कुणी विचारायला नको.

चार ते साडेपाच ही वेळ मुलींची ठरली. पहिल्या आठवड्यात चौघी आल्या, आता अठरा-वीस येतात. त्या वेळेत मुलांनी कडेला बसून राहायचं. तेही शिक्षणच.

जालन्याच्या मातीतून विजय झोल आला. २०११ मध्ये कूचबिहार करंडकात त्यानं आसामविरुद्ध नाबाद ४५१ धावा केल्या, २०१४ च्या एकोणीस वर्षांखालच्या विश्वचषकात भारताचं नेतृत्व केलं. आमच्या पोरांना तो पाठ आहे. म्हणून खेळपट्टी 'एकदम मापाची' हवी असा त्यांचा हट्ट होता. मी घरून फीत घेऊन गेलो. एका टोकाला माझा पुतण्या, दुसऱ्या टोकाला शेजारच्या गुंठेवारीतला एक मुलगा. यष्टिरक्षण हाजीसाहेबांचा नातू करतो, तो मधे उभा राहून फीत ताठ धरत होता. ६६ फुटांवर चुन्याची रेघ मारली. मास्तरकी जाते कुठे? मी तिथंच सांगायला लागलो की हे अंतर म्हणजे दोन गुंठ्यांच्या बाजू, ३३ अधिक ३३.

गुंठेवारीतल्या पोरानं फीत हातात धरूनच क्षणभर विचार केला. मग म्हणाला, "सर, म्हणजे आमचं घर अर्ध्या पिचपर्यंतच येतं."

मी हो म्हटलं. त्यानं मागे वळून सगळ्या जागेवर एकदा नजर टाकली आणि चेंडू मागितला.